मदत हवी आहे: प्राचीन ग्रीसमधली अल्पजनसत्ता अकरावीच्या मुलांना कशी समजावू?

नमस्कार मंडळी,

मी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. शासनप्रकार शिकवताना फळ्यावर नेहमी तीन ओळी लिहिते: एकाची सत्ता, थोड्यांची सत्ता, बहुतांची सत्ता. परवा एका मुलीने विचारलं, "मॅडम, थोडे म्हणजे किती? आणि स्पार्टात दोन राजे होते, तर ती राजेशाही का नाही?" मी काहीतरी उत्तर दिलं, पण माझंच समाधान झालं नाही. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय.

कॉरिंथ सोपं आहे. बाकियाड हे एकच घराणं, सोयरिकी आपसातच, दरवर्षी आपल्यातलाच एक जण प्रमुख, इ.स.पू. ६५७ च्या सुमारास किप्सेलसने त्यांना हटवेपर्यंत हे चाललं. स्पार्टात मात्र दोन वंशपरंपरागत राजे, त्यांच्यासह तीस जणांची वृद्धसभा (साठीनंतरच प्रवेश, पद तहहयात) आणि शिवाय दरवर्षी निवडले जाणारे पाच एफर, म्हणजे राज्याचे अधिकारी. हे एफर तर साध्या नागरिकांतूनही येत. मग याला म्हणायचं काय?

दुसरी अडचण अथेन्सची. इ.स.पू. ४०४ च्या 'तीस जणां'ना पुस्तकं एकीकडे अल्पजनसत्ता म्हणतात आणि दुसरीकडे जुलमी हुकूमशहा. मुलांना कोणत्या रकान्यात लिहायला सांगू?

प्रतिसाद १

ताई, डोकी मोजणं सोडा, इथेच सगळा घोळ होतो. लोकशाही अथेन्समध्येही स्त्रिया, गुलाम आणि बाहेरून येऊन राहिलेले लोक सभेत नव्हतेच, म्हणजे तिथेही राज्य करणारे थोडेच. ॲरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स'मध्ये हा प्रश्न सरळ सोडवलाय: सत्ता संपत्तीच्या जोरावर मिळत असेल तर ती अल्पजनसत्ता, मग धनिक थोडे असोत वा पुष्कळ. श्रीमंत सगळीकडे थोडेच असतात, म्हणून नाव तसं पडलं.

त्याने दिलेली उदाहरणं वर्गात नक्की सांगा. थेब्झमध्ये दहा वर्षं बाजारातल्या धंद्यापासून लांब राहिल्याशिवाय अधिकारपद मिळत नसे. काही राज्यांत श्रीमंत माणूस सभेला आला नाही तर दंड, गरीब आला नाही तर काहीच नाही. दरवाजा बंद केला नव्हता, पण गरिबाने आत यावं अशी कुणाची इच्छाही नव्हती. आणि मुलं चकित होतील ती गोष्ट: त्याच्या मते मतदानाने अधिकारी निवडणं हे अल्पजनसत्तेचं लक्षण, चिठ्ठ्या टाकून निवडणं लोकशाहीचं.

स्पार्टाला तेव्हाही काही जण मिश्र राज्यच म्हणत: राजे राजेशाहीचे, वृद्धसभा अल्पजनांची, एफर लोकांचे. मुलीचा प्रश्न अगदी रास्त आहे, तिला तसं सांगा.

प्रतिसाद २

तीस जणांबद्दल लिहितो, हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय.

अथेन्स स्पार्टाविरुद्धचं पेलोपोनेशियन युद्ध हरल्यावर स्पार्टाचा सेनापती लायसँडर याच्या दबावाखाली त्यांची नेमणूक झाली. काम कागदावर साधं होतं, वाडवडिलांचे कायदे लिहून काढायचे. प्रत्यक्षात त्यांनी तीन हजार नागरिकांची यादी केली आणि बाकीच्यांची शस्त्रं काढून घेतली. यादीतल्या माणसाला खटल्याशिवाय मारता येत नव्हतं, म्हणून आपल्याच गटातल्या थेरामेनिसने विरोध केल्यावर तीस जणांचा म्होरक्या क्रिटियसने त्याचं नावच खोडलं आणि त्याला विष प्यायला लावलं. जेमतेम आठ महिन्यांत सुमारे १५०० माणसं मारली गेली. लोकशाहीवादी सेनानी थ्रॅसिब्युलसने फायली हा डोंगरी किल्ला घेऊन लढा दिला तेव्हा इ.स.पू. ४०३ मध्ये लोकशाही परत आली.

मी असं शिकवेन: घडण अल्पजनसत्तेची, वागणूक जुलमी हुकूमशहांची. दोन्ही रकाने भरा.

पण आधी इ.स.पू. ४११ चे, अथेन्समध्ये सत्ता बळकावणारे 'चारशे' घ्या. त्यांनी सभा नेहमीच्या जागी न घेता शहराबाहेर कोलोनसला घेतली, आणि सरकारी कामाचा मोबदला बंद केला. याच मोबदल्यामुळे रोजंदारी बुडवून गरीब माणूस ज्यूरीत बसू शकत होता. तो थांबवला की कुणाचा हक्क काढून घ्यायची गरजच उरत नाही. सामोस बेटावरच्या आरमारातल्या वल्हेकऱ्यांनी, म्हणजे गरीब नागरिकांनीच, त्यांना मानायला नकार दिला. चारशेंचं राज्य चार महिन्यांत आटोपलं.

प्रतिसाद ३

शब्दाबद्दल थोडं. 'अल्पजनसत्ता' ऐकलं की मुलं पुन्हा संख्येकडेच जातात. कंसात 'धनिकांची सत्ता' लिहून द्या. आणि गुणांवर आधारलेली ती अभिजनसत्ता, हा भेद त्याच तासाला सांगा, नाहीतर परीक्षेत दोन्हींची सरमिसळ होते.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. मोबदल्याचा मुद्दा मला आजवर सुचलाच नव्हता. माझ्या वर्गातल्या अनेक मुलांचे आईवडील रोजंदारीवर जातात. एक दिवसाची मजुरी बुडणं म्हणजे काय हे मी त्यांना वेगळं सांगायची गरज नाही. उद्या त्या तीन ओळी फळ्यावर न लिहिता ज्यूरीच्या दिवसाच्या मोबदल्यापासून, म्हणजे तीन ओबोल या छोट्या नाण्यांपासून सुरुवात करते.

एकच विचारायचं राहिलं: या तीन हजारांच्या यादीत नावं कशी घातली गेली, याबद्दल मुलांना झेपेल असं काही वाचायला आहे का? मराठीत असेल तर फारच बरं.