मदत हवी आहे : लेकीला काय उत्तर देऊ?

नमस्कार मंडळी. आम्ही लालबागला राहतो. गेल्या महिन्यात सासूबाई गेल्या. शेवटी शेवटी हात थरथरायचा, तरी निरांजनाची वात स्वतःच वळायच्या. आता अकरावीतली लेक विचारते, "आजीने एवढं केलं, मग देवाने काय केलं? तो आहे हे कशावरून?"

तिला गप्प बसवायचं नाही, म्हणून थोडं वाचलं. १०व्या शतकातल्या उदयनाचार्य नावाच्या तत्त्वज्ञांनी तर्काने ईश्वर सिद्ध करायला घेतला. घडा आहे म्हणजे कुंभार असणार, तसाच जगाचाही कर्ता असणार. लेक लगेच म्हणाली, "मग त्या कर्त्याचा कर्ता कोण?" मी निरुत्तर. आणि मीमांसक, म्हणजे वेदांमधल्या विधींचा अर्थ लावणारे जुने तत्त्वज्ञ, तर वेद प्रमाण मानूनही जगाला कर्ता मानत नाहीत! हे मला या वयात कळतंय.

पण सासूबाईंना पुरावा कधी लागलाच नाही. ती श्रद्धा तर्कात बसवायची, की ती गोष्टच वेगळी?

तुम्ही मुलांशी हे कसं बोललात? दोन्ही बाजू नीट मांडणारं सोपं मराठी पुस्तक आहे का? दादर-परळकडे तत्त्वज्ञान शिकवणारं कुणी माहीत असेल तर कृपया सांगा. ती रोज विचारते आहे.