मदत हवी आहे: आई-बाबांच्या दाराला व्हिडिओ बेल, वाय-फायवाली की वायरवाली?

नमस्कार मंडळी,

मिरजेला आई-बाबा दोघंच राहतात. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, जुनी इमारत, खाली वॉचमन नाही. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून वॉकर घेऊन दारापर्यंत यायला त्यांना वेळ लागतो. आईला ऐकू कमी येतं. बेल वाजली की बाबा पलंगावरूनच "कोण आहे?" विचारतात, ते बाहेर पोचत नाही आणि माणूस वाट बघून निघून जातो. मागे सिलिंडरवाला असाच परत गेला. पण मला खरी काळजी दुपारची वाटते. बाबा झोपलेले असतात आणि आई बाहेर कोण आहे ते न बघताच दार सताड उघडते. दाराला भिंग आहे, पण जिन्यात उजेड कमी, त्यातून तिला नुसती आकृती दिसते.

पुढच्या महिन्यात जाणार आहे. तेव्हा बेल बसवून, दोघांना नीट शिकवूनच परत यायचं ठरवलंय.

ऑनलाइन पाहिलं तर बहुतेक बेला बॅटरीवर चालणाऱ्या, वाय-फायच्या. बाहेर बटण दाबलं की मोबाइलवर रिंग येते. म्हणजे मला पुण्यात बसून दाराशी कोण आलंय ते दिसेल. पण घरात जी दोन माणसं आहेत त्यांचं काय? बाबांचा मोबाइल दिवसभर हॉलमध्ये चार्जिंगला असतो आणि ते आतल्या खोलीत. आई साधा फोन वापरते. दार त्यांचं आहे, तर आधी त्यांना दिसायला हवं, त्यांना बोलता यायला हवं. माझा नंबर त्यानंतर. म्हणून मन व्हिडिओ डोअर फोनकडे झुकतंय, म्हणजे बाहेर कॅमेरा आणि आत भिंतीवर स्क्रीन.

घराची माहिती देते. लाकडी दार, त्याच्या बाहेर लोखंडी जाळीचं सेफ्टी डोअर. बेलचं बटण चौकटीच्या उजवीकडे भिंतीत. शेजाऱ्यांचं दार अगदी समोर. राउटर हॉलच्या दुसऱ्या टोकाला टीव्हीपाशी. लाइट जाते, इन्व्हर्टर आहे, पण त्यावर पंखे आणि दिवेच आहेत.

जुन्या बेलच्याच वायरवर हे चालेल का? स्क्रीन हॉलमध्ये लावू की बाबांच्या पलंगाशी? रात्री जाळीमुळे चित्र बिघडतं असं ऐकलं, ते खरं का? ज्यांनी घरी बसवलंय त्यांनी कृपया सांगा.

*

प्रतिसाद:

ताई, मी हेच काम करतो. तुमचा विचार बरोबर आहे, डोअर फोनच घ्या.

जुन्या वायरला हात लावू नका. आपल्याकडे बेलच्या बटणापर्यंत थेट 230 व्होल्ट येतात. परदेशी धाटणीच्या वायरवाल्या बेला साधारण 16 ते 24 व्होल्टवर चालतात, त्यांना मध्ये ट्रान्सफॉर्मर लागतो. सरळ जोडली तर बेल जळते. डोअर फोनला बाहेरून आत चार तारांची वेगळी केबल टाकतात. ती लाइटच्या पाइपातून नेऊ देऊ नका, वेगळी केसिंग पट्टी मारायला सांगा. नाहीतर चित्रात रेघा येतात, आणि ते धोक्याचंही आहे.

स्क्रीन पलंगाशीच लावा, बाबांचा हात बसल्या जागी पोचेल अशा उंचीवर. बऱ्याच सेटना दुसरी स्क्रीन जोडता येते, ती हॉलमध्ये. स्क्रीनच्या प्लगला इन्व्हर्टरची लाइन द्या, म्हणजे लाइट गेली, नेट गेलं तरी बेल चालू राहील.

जाळीचं खरं आहे. कॅमेरा जाळीच्या आत असला तर रात्री त्याचा इन्फ्रारेड उजेड सळयांवर आपटून परत येतो आणि चेहरा पांढरा फटक दिसतो. तुमचं बटण भिंतीत आहे, तिथेच बाहेर लावा, जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर. कॅमेऱ्यामागे दाराकडे तिरका ब्रॅकेट टाकला की दारासमोर उभा असलेला माणूस नीट येतो.

*

प्रतिसाद:

आमच्याकडे वाय-फायवाली आहे. आत प्लगला लावायची घंटी सोबत येते, ती मोठ्याने वाजते. भाड्याच्या घरात हेच सोयीचं. पण घेण्याआधी दार बंद करून बाहेर उभं राहा आणि घरच्या वाय-फायवर व्हिडिओ कॉल करून बघा. तिथे अडखळला तर बेलही अडखळणार. यातल्या बऱ्याच बेला वाय-फायच्या फक्त 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यावर चालतात, तुमच्या राउटरवर तो चालू आहे ना, तेही तपासा. रेकॉर्डिंगसाठी दरमहा पैसे लागतात की मेमरी कार्ड चालतं, हे विकत घेण्याआधीच विचारा.

*

प्रतिसाद:

समोरच्या शेजाऱ्यांना आधी सांगा. मी इंग्लंडमध्ये राहतो. इथे ऑक्सफर्डच्या काउंटी कोर्टात 2021 साली दारावरच्या बेलच्या आणि कॅमेऱ्यांच्या वादात शेजारणीच्या बाजूने निकाल लागला. त्यात चित्रापेक्षाही लांबवरचं बोलणं टिपणाऱ्या माइकवर कोर्टाने बोट ठेवलं होतं. भारतातला कायदा वेगळा, पण दारात उभं राहून बोललेलं कुणीतरी साठवतंय हे कुणालाच आवडत नाही. शेजाऱ्यांचं दार चित्रात येत असेल तर कॅमेरा तिरका करा, आणि सोय असेल तर आवाजाचं रेकॉर्डिंग बंद ठेवा.

*

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. डोअर फोन नक्की केला. एक स्क्रीन बाबांच्या पलंगाशी, एक हॉलमध्ये. वाय-फायची सोय असलेला सेट मिळाला तर मलाही इथून दिसेल, नाही मिळाला तरी चालेल. समोरच्या काकूंना आजच फोन केला. त्या म्हणाल्या, "लाव गं बाई, आमच्याही दाराकडे लक्ष राहील." तरी कॅमेरा जिन्याकडेच वळवणार आहे.

आता दोन गोष्टी राहिल्या. आईसाठी स्वयंपाकघरात बेलबरोबर दिवा लुकलुकणारी घंटी लावायची आहे, ती डोअर फोनच्याच बटणावर चालेल का, की तिला वेगळं बटण लागेल? आणि सेफ्टी डोअरला बटणाने उघडणारं इलेक्ट्रिक लॉक कुणी लावलंय का? बाबांनी स्क्रीनवर माणूस ओळखला की पलंगावरूनच दार उघडता येईल. लाइट नसताना ते लॉक किल्लीने उघडतं ना, हे मला वापरणाऱ्याकडूनच ऐकायचं आहे.