विहिरींमधल्या नायट्रेटबद्दल शेतकऱ्यांशी बोलायचं कसं?

पाझर_गट:
नमस्कार मंडळी. आम्ही काही जण मिळून शेतातल्या विहिरी नि बोअरचं पाणी तपासून घेतोय, मुख्यतः नायट्रेटसाठी. बऱ्याच ठिकाणी आकडा मर्यादेच्या वर आलाय, उथळ विहिरींत तर जास्तच. पण मीटिंग घेतली की लगेच दोन गट पडतात, शेतकरी म्हणतात हे शोषखड्ड्यांचं आहे आमच्या खताचं नाही, आणि बाकीचे सगळं खापर युरियावर फोडतात, मग वादावादी होते नि काम तिथंच अडकतं. नायट्रेट नक्की कुठून येतंय हे कळायला खात्रीची पद्धत आहे का? आणि कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं न करता खताचा डोस कमी करायला लोकांना तयार कसं करायचं? तान्ही बाळं असलेल्या घरांतही हेच पाणी जातंय म्हणून फार काळजी वाटते.

माती_आणि_पाणी:
सगळ्यात आधी रिपोर्टवर एकक काय लिहिलंय ते बघा, इथं भलेभले फसतात. काही लॅब आकडा नायट्रेट म्हणून देतात, काही नायट्रेट-नायट्रोजन म्हणून, म्हणजे नायट्रेटमधलं फक्त नत्र मोजून, आणि दोन्हीत जवळपास 4.4 पटीचा फरक आहे. भारतीय मानक 45 मिलिग्रॅम प्रति लिटर, जागतिक आरोग्य संघटनेचं 50, अमेरिकेचं 10, पण ते 10 नत्राच्या हिशोबात आहे म्हणजे नायट्रेट धरलं तर 44 च्या आसपासच. त्यामुळे कुणाच्या रिपोर्टवर 12 दिसलं आणि ते नायट्रेट-नायट्रोजन असेल तर ते पाणी मर्यादेच्या वर आहे.

सॅम्पल घेताना पंप थोडा वेळ चालू ठेवून मग बाटली भरा, बर्फाच्या पेटीत ठेवा आणि 48 तासांच्या आत लॅबला पोचवा. पावसाळ्याआधी एकदा नि नंतर एकदा, त्याच विहिरीचं. सोबत विहिरीची खोली, शोषखड्डा किती लांब, उकिरडा कुठे, भोवती कुठलं पीक, हे वहीत लिहून ठेवा, निम्मी उत्तरं तिथंच मिळतात.

उगमाचं म्हणाल तर नत्र आणि ऑक्सिजनच्या आयसोटोपवरून, म्हणजे त्यांच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून, रासायनिक खत की मलमूत्र याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. पण शेणखत आणि माणसांचं सांडपाणी यांचे आकडे एकमेकांत मिसळतात, तिथं बोरॉन किंवा कृत्रिम गोडी आणणारे पदार्थ शोधतात, कारण सुक्रालोजसारखी वस्तू जनावरांच्या शेणात सहसा येत नाही, ती आपल्याच सांडपाण्यातून येते. हे महागडं काम आहे, सगळ्या विहिरींचं करू नका, वादातल्या चार-पाच निवडा आणि एखाद्या विद्यापीठाच्या भूजल विभागाला सोबत घ्या. आणि बहुतेक ठिकाणी दोन्ही उगम निघतात हे लोकांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे रिपोर्ट आल्यावर कुणी जिंकलं-हरलं होत नाही.

आशाताई_एक:
संशोधन चालू राहील पण बाळांचं आजच बघा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं दूध कालवायला हे पाणी अजिबात वापरू नका, रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद कमी होते नि बाळ निळसर पडतं. आणि कृपा करून पाणी उकळून द्या असं सांगू नका!! उकळल्यानं जंतू मरतात पण नायट्रेट उलट दाट होतं. यूव्ही आणि साध्या कँडलच्या फिल्टरनंही जात नाही, आरओ किंवा आयन एक्स्चेंज लागतं.

बांधावरून:
मी स्वतः शेती करतो आणि शेतकऱ्यांसोबत खताच्या नियोजनाचं कामही करतो म्हणून सांगतो, मीटिंगमध्ये प्रदूषण या शब्दानं सुरुवात केलीत तर समोरचा माणूस तिथंच मिटतो. त्याच्याच विहिरीचा रिपोर्ट त्याच्या हातात द्या आणि त्याच्यासमोर हिशोब मांडा. एक हेक्टरला 100 मिलिमीटर पाणी दिलं म्हणजे 10 लाख लिटर झालं. पाण्यात 90 मिलिग्रॅम नायट्रेट असेल तर तेवढ्या पाण्यातून 90 किलो नायट्रेट शेतात गेलं, म्हणजे साधारण 20 किलो नत्र. हंगामात असं पाचदा पाणी दिलं तर 100 किलो नत्र नुसत्या पाण्यातून, युरियात 46 टक्के नत्र असतं म्हणजे दोनशे किलोच्या वर युरिया झाला की! सगळंच पिकाला लागू होत नाही, पण हा आकडा कागदावर बघितला की माणूस आपणहून विचारतो, मग मी डोस किती कमी करू?

तरी उत्पन्न घटेल ही भीती खरी असते, ती झटकून टाकू नका. त्याच्याच शेतात दोन-तीन पट्ट्या आखा, एकीत नेहमीचा डोस, दुसरीत पाण्यातलं नत्र वजा करून आणि तेही हप्त्याहप्त्यानं, आणि कापणीला वजन त्याच्याच काट्यावर करा. शेजारी बघायला येतात, तीच खरी मीटिंग.

पाझर_गट:
हा पाण्याचा हिशोब कुणीच सांगितला नव्हता, खूप आभार दादा. आणि ताई, बाळांच्या घरी आधी जातो. आता एकच शंका, डोस कमी केल्यावर विहिरीत फरक कधी दिसेल? लोक पुढच्या वर्षीच विचारणार.

माती_आणि_पाणी:
पुढच्या वर्षी दिसेल असं वचन देऊ नका, त्यानं सगळा विश्वास जाईल. नायट्रेटवर ऋण भार असतो, मातीच्या कणांवरही ऋण, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही, पाण्याबरोबर खाली जातं. पण विहिरीपर्यंतची वाट लांब असू शकते, उथळ नि वाळूच्या जमिनीत थोडी वर्षं, खोल ठिकाणी दशकं. अमेरिकेत नेब्रास्काच्या सेंट्रल प्लॅट भागात 1987 पासून माती नि पाणी दरवर्षी तपासून पाण्यातलं नत्र खतातून वजा करायचे नियम आहेत, तरी तिथलं नायट्रेट हळूहळूच उतरलंय. डेन्मार्कनंही 1980 च्या दशकापासून खतांवर बंधनं आणली, शेतातून झिरपणारं नत्र बरंच कमी झालं, पण अलीकडे मुरलेल्या भूजलात सुधारणा आधी आणि जुन्या पाण्यात फार उशिरा.

म्हणून फक्त विहीर मोजत बसू नका. कापणी झाल्या झाल्या 90 सेंटिमीटरपर्यंत माती काढून त्यात उरलेलं नायट्रेट मोजा, पुढच्या पावसात खाली जाणारं ते हेच. हा आकडा एका हंगामात हलतो आणि शेतकऱ्याला त्याच्या मेहनतीचं फळ लगेच दाखवता येतं. जास्त उरलेलं दिसलं तर रान मोकळं न ठेवता लगेच एखादं आच्छादन पीक पेरा, ते उरलेलं नत्र उचलून घेतं.

बांधावरून:
मातीचं सॅम्पल काढायला तरुण पोरांची एक टीम करा, गिरमिट चालवायला ताकद लागते. 30-30 सेंटिमीटरचे थर वेगळ्या पिशव्यांत भरा आणि पिशवीवर गट नंबर तिथंच लिहा, घरी येऊन लिहू म्हटलं की घोळ होतो.