उताराची मॅरेथॉन (सेंट जॉर्ज, यूटा): मांड्या शेवटपर्यंत टिकवायच्या कशा?

खाडीकाठची

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरातल्या सेंट जॉर्ज मॅरेथॉनसाठी नाव नक्की झालंय. हातात १६ आठवडे आहेत. वय ४७, सपाट रस्त्यावरची सर्वोत्तम वेळ ३:४९ (तास:मिनिटं), आठवड्याला ५५-६० किमी पळणं होतं. पण ते सगळं सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठच्या सपाट वाटेवर. पुलाचा चढ हाच काय तो डोंगर.

या शर्यतीत सुरुवातीपासून शेवटापर्यंत २,५६० फूट, म्हणजे ७८० मीटर उतार आहे. ३:४० च्या आत यायचं आणि त्यावर बॉस्टन मॅरेथॉनला (तिथे पात्रतेची वेळ लागते) अर्ज करायचा, असा बेत आहे. माझे प्रश्न:

उताराचा सराव किती आणि कसा करायचा? पेस (किलोमीटरमागची वेळ) कसा ठेवायचा, की उतार देईल तसं सुटायचं? बूट नेहमीचेच चालतील का? आणि उताराच्या वेळेचं बॉस्टनवाले काहीतरी नवीन करतायत म्हणे, ते नक्की काय?

घाटउतार

ताई, सरावाचं मी सांगतो, बाकीचं बाकीचे सांगतील.

आधी मांड्या का जातात ते बघा. सपाटीवर पाय टेकला की मांडीच्या पुढचा स्नायू थोडा ताणला जातो आणि लगेच आखडून ढकलतो. उतारावर तो प्रत्येक पावलाला ब्रेकचं काम करतो: अंगावर भार असताना लांबत जातो. या प्रकारच्या कामात दम फार लागत नाही, पण स्नायूच्या तंतूंना बारीक बारीक इजा होत राहते. फसगत इथेच होते. नाडी म्हणते 'आरामात चाललंय', घड्याळ म्हणतं 'वा', आणि ३० किमीनंतर मांड्या लाकडासारख्या होतात. तिथे साखरेचं जेल, मीठ, पाणी कशाचाही उपयोग नसतो, कारण संपलेलं इंधन नाही, यंत्रच खिळखिळं झालेलं असतं.

चांगली गोष्ट अशी, की स्नायू हे फार पटकन शिकतो. उताराचा एक बऱ्यापैकी डोस दिला की पुढचे काही आठवडे तोच डोस खूप कमी दुखतो. त्यामुळे दर आठवड्याला उतार बडवायची गरज नाही. दर १०-१२ दिवसांनी एकदा पुरे.

पहिल्या वेळी फक्त ५०० मीटरचे चार उतार, सोप्या पेसने, वर येताना चालत. एवढ्यानेही दुसऱ्या दिवशी जिना जाणवेल. पुढच्या खेपेला सहा, मग आठ. नवव्या-दहाव्या आठवड्यापर्यंत सलग ६ ते ८ किमी उतरता आलं पाहिजे. शर्यतीच्या चार-पाच आठवडे आधी २८-३० किमीचा एक लाँग रन असा आखा, की शेवटचे १०-१२ किमी उताराचे येतील, म्हणजे दमलेल्या पायांनी उतरायची सवय होईल. शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या तीन आठवडे आधी. त्यानंतर साधारण १० दिवस राहिले असताना ३ किमीची नुसती उजळणी, बस.

उतार किती तीव्र हवा? ७८० मीटर भागिले ४२ किमी, म्हणजे सरासरी दोन टक्क्यांच्याही किंचित खाली. नकाशाच्या ॲपवर असा रस्ता शोधा, जिथे ४ किमीत ८० ते १२० मीटर उतार आहे. त्याहून उभा नको. पुण्यातली मंडळी अशा शर्यतीसाठी सिंहगडाच्या गाडीरस्त्यावर सराव करतात, तो सहा-सात टक्क्यांचा आहे. तिथे पाऊलच वेगळं पडतं, गुडघे दुखतात आणि खरी लय सापडत नाही. बहुमजली पार्किंगचा रॅम्पही नको, वळणं फार आखूड असतात.

बऱ्याच जिममधली ट्रेडमिल उणे तीन टक्क्यांपर्यंत जाते, ती उत्तम. साध्या ट्रेडमिलच्या मागच्या पायांखाली फळ्या सरकवणारे महाभाग आहेत, त्यांच्या नादी लागू नका.

जिमची चैन नको असेल तर घरची पायरी पुरते. २० सेंटिमीटरच्या पायरीवर एका पायावर उभं राहायचं, दुसऱ्या पायाची टाच चार सेकंद मोजत हळूहळू जमिनीला टेकवायची आणि परत वर. गुडघा आत वळू द्यायचा नाही. प्रत्येक पायाला आठ, असे तीन वेळा, आठवड्यातून दोनदा. पोटरीसाठी पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहून टाच तशीच सावकाश खाली.

एक चूक नेहमीची: उतार केल्यानंतर दोनच दिवसांनी टेम्पो, म्हणजे सलग जोराचं पळणं. मांड्या सर्वात जास्त भरून येतात त्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. त्या दिवशी जोर लावला की पोटरी किंवा गुडघ्यामागची शीर धरते.

लाल_माती_यूटा

मार्गाबद्दल. नुसता '७८० मीटर उतार' हा आकडा डोक्यात ठेवून येणारे सातव्या मैलाला रडतात. ही शर्यत म्हणजे घसरगुंडी नव्हे.

पाइन व्हॅली डोंगरांत साधारण १,६०० मीटर उंचीवर सुरुवात, मग हायवे १८ ने खाली सेंट जॉर्ज गावात. सुरुवातीला अंधारच असतो. पहिले सात मैल मस्त उतरतात. मग व्हेयो गाव येतं आणि ज्वालामुखीच्या जुन्या शंकूजवळून मैलभर चांगलाच चढ लागतो. त्यानंतरही अकराव्या-बाराव्या मैलापर्यंत रस्ता थोडा थोडा वरच जात राहतो. हा तुकडा चढापेक्षा जास्त छळतो, कारण डोळ्यांना तो सपाट वाटतो. पुढे स्नो कॅन्यनच्या बाजूने खरा उतार. एकोणिसाव्या मैलाच्या आसपास एक छोटा चढ. शेवटचे तीनेक मैल गावातले, सौम्य.

म्हणजे दुसरा अर्धा भाग पहिल्यापेक्षा वेगवान आहे. ३:४० चा सरासरी पेस ५:१३ प्रति किमी. तो सरसकट धरायला जाल तर चढावर स्वतःला जाळाल. त्यापेक्षा असं बघा:

पहिले ११ किमी ५:०८ ने. पाय ४:५० मागतील, द्यायचे नाहीत. व्हेयोच्या चढावर ५:५५ झाले तरी बिनधास्त, तिथे घड्याळ न बघता श्वास बघायचा. १३ ते साडेअठरा किमी ५:२० ते ५:२५. साडेअठरा ते ३७ किमी ५:०५. शेवटचे पाच ५:१५. बेरीज ३:३९ ला येते. अर्ध्यावर १:५०:४५ च्या आसपास असाल. तो आकडा बघून घाबरायचं नाही. उलट अर्ध्यावर १:४६ दिसले तर घाबरा.

थंडी-ऊन: पहाटे अंधारातच गावातून बसने वर नेतात, मग सुरुवातीपर्यंत उघड्यावर थांबायचं. आयोजक शेकोट्या पेटवतात, पण त्याभोवती दाटी असते. टाकून देता येईल असा जुना स्वेटर, हातमोजे आणि बसायला जाड प्लास्टिकची पिशवी आणा. शेवटी मात्र वाळवंटातलं ऊन. हवा इतकी कोरडी, की घाम जागेवर वाळतो आणि आपल्याला घाम येतच नाहीये असं वाटतं. प्रत्येक पाणपोईवर दोन-तीन घोट घ्या, पण ढोसू नका.

जेल उतार सुरू व्हायच्या आधी, सपाट जागी घ्या. जोरात उतरताना पोट हिंदकळतं, तिथे गिळलेलं वर येतं.

हिशेबनीस

बॉस्टनचं असं आहे. २०२७ च्या शर्यतीपासून उताराच्या मार्गावरच्या वेळेत भर घालून ती मोजणार आहेत. सुरुवात ते शेवट निव्वळ उतार १,५०० ते २,९९९ फूट असेल तर ५ मिनिटं, ३,००० ते ५,९९९ फूट असेल तर १० मिनिटं. ६,००० फूट किंवा जास्त असेल तर ती वेळ धरणारच नाहीत. सेंट जॉर्ज पहिल्या गटात, म्हणजे तुमच्या वेळेत ५ मिनिटं वाढणार.

४५ ते ४९ वयाच्या स्त्रियांसाठी पात्रता ३:४५. वय बॉस्टनच्या दिवशीचं धरतात, सेंट जॉर्जच्या दिवशीचं नव्हे, तेही बघून ठेवा. तुम्ही ३:४० मारले तर कागदावर ३:४५, म्हणजे नेमकी उंबरठ्यावर. आणि उंबरठ्यावरच्यांना जागा मिळत नाही: २०२५ साठी पात्रतेपेक्षा ६:५१ आणि २०२६ साठी ४:३४ मिनिटं जास्त वेगवान असणाऱ्यांनाच घेतलं. म्हणजे सेंट जॉर्जला तुम्हाला ३:३५ च्या आत यावं लागेल, तरी खात्री नाही.

गंमत म्हणजे बॉस्टनचा स्वतःचा मार्गही उतारामुळे जागतिक विक्रमासाठी अपात्र आहे. विक्रमासाठी किलोमीटरमागे १ मीटर, म्हणजे मॅरेथॉनला ४२ मीटर एवढाच उतार चालतो. बॉस्टनचा त्याच्या तिप्पट आहे.

सपाटीचा_भक्त

हिशेबनीसांचं गणित वाचल्यावर माझा प्रश्न: बॉस्टनच हवं असेल तर सेंट जॉर्ज कशाला? तुमच्या घरापासून दोन-तीन तासांच्या ड्राइव्हवर डिसेंबरात कॅलिफोर्निया इंटरनॅशनल मॅरेथॉन आहे, फॉल्सम ते सॅक्रामेंटो. निव्वळ उतार ३५०-एक फूट, त्यामुळे काही मिनिटं वाढत नाहीत. थंड हवा, समुद्रसपाटीजवळ, आणि पहिल्या अर्ध्यात छोटे चढ-उतार असल्याने एकाच स्नायूवर सगळा भार पडत नाही. उताराने चार-पाच मिनिटं कमवायची आणि तीच बॉस्टनवाल्यांना परत द्यायची, वर मांड्यांचं वाटोळं, हा धंदा घाट्याचा.

सेंट जॉर्ज निसर्गासाठी पळा. १९७७ पासूनची शर्यत आहे, मार्ग देखणा आहे. पण पीबी (स्वतःची सर्वोत्तम वेळ) आणि पात्रता तिथे शोधू नका.

घाटउतार

@सपाटीचा_भक्त, पात्रतेपुरतं पटलं. पण 'उताराचा पीबी खोटा' हा सूर नको. दोन टक्के उतार ४२ किमी पचवणं हे वेगळं कसब आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स अल्ट्रामॅरेथॉनच्या डाऊन रनला (उताराच्या दिशेच्या शर्यतीला) इथून जाणाऱ्यांना विचारा, पाइनटाउनच्या आधीचा फील्ड्स हिल काय करतो ते. साठ-पासष्ट किमी झाल्यावर तीन किमीचा खडा उतार, आणि तिथे धावणाऱ्यांपेक्षा उलट्या पावलांनी चालावंसं वाटणारे जास्त.

चवडा_टाच

बुटांचं राहिलंच. उतारावर पाय बुटात पुढे सरकतो, अंगठ्याचं नख समोर आपटतं आणि काळं पडतं. बूट मोठा घेणं हा अर्धाच उपाय. उभं राहिल्यावर अंगठ्यापुढे बोटाची रुंदीभर जागा हवी, तेवढी असेल तर अर्धा नंबर वाढवू नका, सैल बुटात पाय जास्तच सरकतो.

खरा उपाय बुटाच्या नाडीत. बहुतेक बुटांना घोट्याजवळ एक जास्तीचं भोक असतं, जे कुणी वापरत नाही. नाडी शेवटच्या नेहमीच्या भोकातून काढली की समोर न नेता त्याच बाजूच्या जास्तीच्या भोकात बाहेरून आत घाला, म्हणजे तिथे छोटा फास तयार होईल. दोन्ही बाजूंनी असं करून मग डावं टोक उजव्या फासातून आणि उजवं डाव्यातून ओवा, खाली-मागे ओढा आणि गाठ मारा. टाच जागेवर पक्की बसते. चवड्यावरची नाडी मात्र सैलच ठेवा. बरेच जण सगळीच आवळतात आणि १५ किमीनंतर पावलाचा वरचा भाग बधिर होतो.

नखं शर्यतीच्या चार-पाच दिवस आधी सरळ कापा, आदल्या रात्री नको. कार्बन प्लेटचे उंच तळव्याचे बूट घालणार असाल तर त्याच बुटांत किमान दोन उतार करून बघा. काहींचा तळ मऊ आणि अरुंद असतो, उतारावर घोटा हलतो.

पावलाबद्दल एवढंच: मागे रेलू नका. रेललं की टाच पुढे पडते आणि प्रत्येक पावलाला करकचून ब्रेक लागतो. घोट्यातून किंचित पुढे झुका, पाऊल आखूड, कमरेखाली पडेल असं. मिनिटाला नेहमी १७० पावलं पडत असतील तर उतारावर १७८-१८० होऊ द्या. पावलांचा आवाज ऐका, थप-थप मोठं यायला लागलं की मांड्या दमल्यात, पेस पाच सेकंद सोडा. आणि रस्ता कडेला तिरका असतो, बंद रस्त्यावर मधोमध पळा.

खाडीकाठची

बाप रे, केवढं मिळालं! ठरवलं: सेंट जॉर्ज ३:३९ च्या आखणीने पळणार, बॉस्टनसाठी पुढच्या वर्षी सॅक्रामेंटो. एक शेवटचं. शर्यतीनंतर दुसऱ्याच दिवशी गाडीने परत यायचंय, दहा-अकरा तास. आधीच आयब्युप्रोफेन घेऊन ठेवू का?

दवाखाना_ते_ट्रॅक

नाही. शर्यतीआधी आणि शर्यतीत तर अजिबात नाही. पाणी कमी पडलेलं असताना ती गोळी मूत्रपिंडावर ताण आणते, आणि उतारात स्नायूंतून सुटलेला कचराही त्याच मूत्रपिंडाला गाळायचा असतो. नंतरही लघवी नेहमीसारखी फिकी होईपर्यंत थांबा. फार दुखलं तर पॅरासिटामॉल, पाकिटावरच्या मात्रेत. लघवी कोकाकोलाच्या रंगाची झाली, किंवा मांड्या सुजून टणक झाल्या, तर वाट न बघता इमर्जन्सीत जा.

दुसऱ्या दिवशी गाडी तुम्ही चालवू नका. ब्रेक दाबायला मांडी साथ देत नाही, हे गमतीने सांगत नाहीये. दर दीड तासाला उतरून पाच मिनिटं चाला. जोरदार मालिश तीन दिवस नको, हलका हात चालेल. जिना उतरताना कठडा धरून उलटं उतरा. आणि हॉटेलची खोली तळमजल्यावरची मागून घ्या, ते बुकिंग आजच करा.