फिजिओथेरपी सोडून कॉलेजात जीवशास्त्र शिकवता येईल का?

विश्रामबागची फिजिओ
नमस्कार. मी बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीची पदवीधर, सांगलीत छोटं क्लिनिक चालवते. तासगावकडच्या द्राक्षबागांतल्या बायका खांदा धरून येतात. विरळणीच्या, म्हणजे घडातले जास्तीचे मणी काढायच्या दिवसांत हात सतत डोक्याच्या वर. मशीन लावून झालं की मी मणक्याचं मॉडेल काढते आणि गादी सरकली की पायाला मुंग्या का येतात ते दाखवते. त्या नीट ऐकतात, प्रश्न विचारतात. माझा खरा जीव तिथेच रमतो. शेजारची अकरावीतली मुलगी स्नायूंचा धडा घेऊन आली होती. अ‍ॅक्टिनचे तंतू मायोसिनवरून कसे सरकतात, हे तिला तिच्याच दंडावर हात ठेवायला लावून सांगितलं. तेव्हापासून डोक्यात हेच आहे. चाळिशी जवळ आली आहे, मुलगा आठवीत. काय शिकावं लागेल?

सातारचा प्राणिशास्त्रवाला
ताई, आधी कुठलं कॉलेज ते ठरवा. ज्युनिअरला एमएस्सी आणि बीएड लागतं. सीनिअरला यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांप्रमाणे पदव्युत्तरला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट, म्हणजे प्राध्यापकपदाची देशपातळीवरची किंवा राज्याची पात्रता परीक्षा. वयाची काळजी नको, सहायक प्राध्यापकाच्या नेटला वयोमर्यादा नाही. खरी अडचण एमएस्सीच्या प्रवेशाची. तो साधारणपणे त्या विषयातल्या बीएस्सीवर मिळतो, म्हणून बीपीटीएच चालेल का हे शिवाजी विद्यापीठाकडून लेखी घ्या. तोंडी उत्तरावर क्लिनिक बंद करू नका.

दुसरं, नेटच्या जीवविज्ञानात १३ घटक आहेत. प्राण्यांचं शरीरक्रियाशास्त्र, म्हणजे तुमचं घरचं मैदान, त्यातला एक. बाकी आनुवंशिकता, परिसंस्था, वनस्पती, उत्क्रांती. आणि पास झाल्यावरही बऱ्याच जणांची सुरुवात तासिका तत्त्वावर होते. पैसे तासांवर, सुट्टीत काही नाही. घरखर्चाचा हिशेब मांडूनच उतरा.

कराडची एमपीटीएच
मॅडम, एमपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीतलंच पदव्युत्तर, का नाही करत? दोन वर्षं, मग फिजिओथेरपी कॉलेजातच शिकवा. बायोमेकॅनिक्स, व्यायामोपचार, सगळं आपलंच. मी तेच केलं. पहिल्या वर्षाची पोरं गुडघ्याचे अस्थिबंध पाठ करून येतात, पण पायरी उतरताना कुठला स्नायू काम करतो विचारलं की गप्प. तिथे पेशंट बघितलेली बाईच लागते.

विश्रामबागची फिजिओ
दोघांचे मनापासून आभार. कराडच्या मॅडम, तुमचा रस्ता जवळचा आहे हे पटलं. पण मला पेशी, बेडूक, झाडं, सगळंच शिकवायचं आहे, आणि तेही फिजिओ न होणाऱ्या पोरांना. म्हणून पात्रतेचा अर्ज कोल्हापूरला देतेय. नाही म्हणाले तर बीएस्सीपासून सुरू करेन. क्लिनिक संध्याकाळचं ठेवता येईल, मिस्टरांशी बोलणं झालंय. सर, वनस्पतींचं मी बारावीनंतर उघडलेलंच नाही. प्रकाशसंश्लेषणापासून धरू की आधी वर्गीकरण?

सातारचा प्राणिशास्त्रवाला
प्रकाशसंश्लेषण. तुम्हाला एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, स्नायूंमुळे माहीत आहे, तिथूनच पानात शिरा. वर्गीकरण नंतर, आणि पुस्तकाबरोबर सप्टेंबरात कासच्या फुलांच्या पठारावर एक फेरी मारून या.