चवथीच्या आधी पिकअपचे ब्रेक

प्रसाद बी-४ (सकाळी ७.१२): नमस्कार मंडळी. पिकअपचे पुढचे ब्रेक पॅड संपले. ३१ हजार किमी झाले, गाडीबरोबर आलेलेच पॅड. सर्व्हिसवाला म्हणाला, घाटात चालवता, एवढेच टिकणार, आणि नवीन घालून बिल हातात दिलं. मला काही पटत नाही. कोणाचे किती चालले ते सांगा. आणि आत्ताच सांगून ठेवतो, ब्रेकचं नक्की कळल्याशिवाय चवथीला मी कोणाचाही गणपती त्या गाडीत ठेवणार नाही.

गुरुदास ए-२: माझी ७० हजार. पहिलेच पॅड, अजून आहेत. पाय कसा आहे त्यावर असतं सगळं.

प्रसाद बी-४: भाई, तुमची गाडी फरसाणचे बॉक्स घेऊन वेर्णा ते मडगाव जाते. माझी बेळगावहून भाजी भरून चोर्ला उतरते. चढताना रिकामी, उतरताना भरलेली.

गुरुदास ए-२: आम्ही घाट बघितलेच नाहीत म्हणायचे. बरं.

मीनाक्षीताई ए-५: पिकअपचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. ती टाकीच्या झाकणासमोर लावू नये. टँकरचा पाईप पोचत नाही. जूनपासून सांगते आहे.

सावंतकाका सी-१: प्रसाद, काढलेले जुने पॅड आणलेस का? चारही पॅडचा फोटो टाक. आतला कुठला, बाहेरचा कुठला ते लिही.

रोहन बी-७: हे बघा, नेटवर मिळालं. पिकअपचे फॅक्टरी पॅड ३० ते ७० हजार टिकतात. म्हणजे प्रसाददादा पण बरोबर आणि गुरुदासकाका पण बरोबर 😄

शिल्पावहिनी ए-६: रोहन, ते आकडे मैलांचे आहेत. अमेरिकेतला हिशोब. ७० हजार मैल म्हणजे १ लाख १२ हजार किमी. माझा भाऊ तिकडे असतो, त्याच्या पिकअपला मागेही डिस्क आहे. आपल्याकडच्या मालवाहू पिकअपला पुढे डिस्क, मागे ड्रम. आणि तिकडच्या हायवेवर तासभर ब्रेकला पाय लागत नाही. आपल्या फोंड्याच्या बाजारातून एकदा गाडी काढून दाखवा म्हणावं.

नाईक (सेक्रेटरी): सर्वांना नम्र विनंती, हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. खासगी गाडीची चर्चा खासगीत करावी. तसेच ज्यांचा मेंटेनन्स बाकी आहे त्यांनी चवथीपूर्वी भरावा. नाव घेत नाही.

प्रसाद बी-४: नाव घ्या ना. माझा एक महिना बाकी आहे. गेल्या वर्षी सगळ्या बिल्डिंगची माटोळी (गणपतीवर बांधायची फळं-पानं) आणि गणपती याच खासगी गाडीतून आले, तेव्हा ते सोसायटीचं काम होतं.

रोहन बी-७: बाप्पाला उंदीर आहे, त्याला ब्रेक लागत नाहीत 🙏

मीनाक्षीताई ए-५: देवावर विनोद नकोत रोहन. आईला सांगेन.

सावंतकाका सी-१: प्रसाद, फोटो.

गुरुदास ए-२: मी वाईट सांगत नाही प्रसाद. चौथ्या गियरला घाट उतरायचा आणि ब्रेक दाबत राहायचा, अशाने पॅड काय, डिस्कसुद्धा निळी पडते. ज्या गियरला चढतो त्याच गियरला उतरायचं. इंजिनाने गाडी धरली पाहिजे.

प्रसाद बी-४: दुसऱ्यातच उतरतो. वाहतुकीचा धंदा माझ्या बाबांपासून आहे.

गुरुदास ए-२: मग वेग. ६० ला थांबायला जितकी ताकद लागते त्याच्या पावणेदोन पटीहून जास्त ८० ला लागते. ती सगळी पॅडमधून उष्णता होऊन जाते.

शिल्पावहिनी ए-६: हे मात्र बरोबर. आणि गाडीच्या पासिंगपेक्षा जास्त माल घातलात तर तेही त्यातच. प्रसाद, वाईट वाटून घेऊ नका, गुरुवारी गाडीची पाठ अगदी टायरला टेकली होती.

प्रसाद बी-४: तो एकच दिवस होता, वहिनी. कोबी स्वस्त होता.

सावंतकाका सी-१: तिसऱ्यांदा लिहितो. चारही पॅडचा फोटो. आतला आणि बाहेरचा.

नाईक (सेक्रेटरी): सावंतकाका, आपल्याला मान देऊन म्हणतो, हे फोनवर बोलता आलं असतं.

सावंतकाका सी-१: नाईक, कदंब बसच्या वर्कशॉपमध्ये माझी उमर गेली. गाडी उतारावर थांबली नाही तर ती खासगी राहत नाही. खाली पोरं खेळतात.

प्रसाद बी-४: [फोटो] घ्या काका. पिशवीत होते, दुकानातून मागवले. वरचे दोन डावीकडचे, खालचे उजवीकडचे.

सावंतकाका सी-१: डावीकडचा आतला पार लोखंडापर्यंत गेलाय. त्याच चाकाचा बाहेरचा बघ, अर्धा शिल्लक आहे. उजवीकडचे दोन्ही सारखे, ५-६ मिमी तरी असतील. नवीन पॅडचं मटेरियल साधारण १० ते १२ मिमी असतं, ३ वर आलं की बदलायचं. म्हणजे तीन पॅड अजून चालले असते. घाटाने खाल्ले असते तर चारही खाल्ले असते. डाव्या कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या, पिना जाम आहेत. पिस्टन आतला पॅड दाबतो, आणि कॅलिपर पिनांवर सरकला तर बाहेरचा दाबला जातो. सरकलाच नाही तर आतला एकटा घासत राहतो, ब्रेक सोडला तरी.

प्रसाद बी-४: आवाज येत होता काका. पावसात सगळ्याच गाड्यांचा येतो म्हणून सोडून दिला.

सावंतकाका सी-१: सकाळी डिस्कवर गंज असतो, तो आवाज दोन-चार ब्रेकमध्ये जातो. जो जात नाही, तो पॅडवरची पत्री डिस्कला लागून येतो. ती त्यासाठीच ठेवलेली असते. पिनेचं रबर फाटलं असणार, आत तांबडी माती गेली. सत्तरीच्या रस्त्याला पावसात हे नेहमीचं. बिलात पिना साफ केल्याचं आहे का?

प्रसाद बी-४: नाही. फक्त पॅड सेट आणि मजुरी.

सावंतकाका सी-१: मग नवीनही तसाच जाणार. मागच्या ड्रममधले लायनर ॲडजस्ट केले का? ते सैल असले की सगळा भार पुढच्यावर येतो. आणि एक खरं सांग. केरीला खाली पोचताना पेडल मऊ लागतं?

प्रसाद बी-४: कधी कधी. शेवटच्या वळणांवर खाली जातं. दोनदा पंप केलं की येतं.

शिल्पावहिनी ए-६: अहो प्रसाद!!

सावंतकाका सी-१: हे पहिल्याच ओळीत लिहायचं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. आपल्याकडच्या दमट हवेत तर विचारू नकोस. डॉट ४ प्रतीचं ऑइल नवीन असताना २३० अंशांच्या पुढे उकळतं, पाणी ओढलेलं १५५ च्या आसपास. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि ब्रेक लागत नाही. दोन वर्षांनी बदलायचंच. पॅड नवे घातले तरी हे जात नाही. उद्या बेळगावला ती गाडी न्यायची नाही.

प्रसाद बी-४: ऑर्डर आहे काका. हॉटेलवाले थांबत नाहीत.

गुरुदास ए-२: माझी घेऊन जा. सकाळी किल्ली वॉचमनकडे ठेवतो. डिझेल भरून आण, आणि भाजीचा वास राहता कामा नये, परवा फरसाण भरायचंय.

प्रसाद बी-४: भाई, खरंच आभार. सकाळचं मनात ठेवू नका.

गुरुदास ए-२: ठेवलंय. पण गाडी ने.

नाईक (सेक्रेटरी): चवथीच्या दिवशी कोणाचा गणपती कुठल्या चित्रशाळेतून आणायचा आहे, ते मला संध्याकाळपर्यंत कळवावे. दोन्ही गाड्या धरून यादी करतो. प्रसादची सावंतकाकांनी बघून हो म्हटल्यावरच.

प्रसाद बी-४: काका, परवा सकाळी बघाल? सामान काय आणू?

सावंतकाका सी-१: सातला खाली येतो. पिनांचं रबर किट आण, आणि ब्रेकसाठी येतं ते सिलिकॉन ग्रीस. साधं चेसिस ग्रीस नको, रबर फुगतं. ऑइल टाकीच्या झाकणावर जो डॉट लिहिलाय तोच घे. बाटली सीलबंद पाहिजे, गॅरेजमधली उघडी कोणी फुकट दिली तरी आणू नकोस. पिना निघाल्या नाहीत तर कॅलिपर सर्व्हिसवाल्याकडे ने. पॅडला वॉरंटी देत नाहीत, पण जाम झालेल्या कॅलिपरचं विचारता येतं. जुने पॅड टाकू नकोस, तेच दाखव.