मदत हवी आहे: वृत्तपत्राच्या तुकड्यावरचे निळे 'मर्क्युरी' तिकीट कसे जपावे?

छपाई आणि वृत्तपत्रांच्या इतिहासावरच्या तिकीट-प्रदर्शनातल्या १६ पानांच्या फ्रेममध्ये ऑस्ट्रियाचे १८५१ चे निळे 'मर्क्युरी' (मर्क्युरी या रोमन देवाचे डोके असलेले, वृत्तपत्रांच्या टपालाचे तिकीट) लावायचे आहे. एका अंकासाठीचे, ०.६ क्रॉयझरचे (तेव्हाचे ऑस्ट्रियन नाणे); तिकिटावर किंमत छापलेली नाही, छिद्रेही नाहीत. ते अजून वृत्तपत्राच्या तुकड्यावरच आहे आणि टपालाचा शिक्का अर्धा तिकिटावर, अर्धा कागदावर पडला आहे. भिजवून सोडवले तर हा पुरावाच जाईल, म्हणून तो मार्ग बाद. पीव्हीसीचे पाकीट आणि हिंज (तिकीट चिकटवायची गोंद लावलेली छोटी पट्टी), दोन्ही नकोतच.

प्रश्न असे:

१. तुकड्यामागे आम्लरोधक बफर्ड (आम्ल निष्प्रभ करणारा) कागद ठेवून चारही कोपरे पॉलिएस्टरच्या पट्ट्यांनी धरले तर पुरते का? की तुकड्यातले आम्ल पुढच्या पानावर उतरू नये म्हणून मध्ये आणखी एक कागद हवा?

२. या तिकिटाची नंतर पुनर्मुद्रणे निघाली. तुकड्यावरून न काढता, फक्त १० पट भिंगाखाली मूळ छपाई कशी ओळखावी? शिक्क्यावर एकट्यावर विसंबणे धोक्याचे, कारण शिक्केही बनावट मारतात.

३. शेजारी अमेरिकेचे १९३९ चे स्टीफन डे छापखान्याचे (तिथल्या इंग्रज वसाहतींतला पहिला छापखाना) ३ सेंटचे तिकीट विषयाला धरून वाटेल, की १८५१ नंतर थेट तिथे उडी खटकेल?